होपचं स्थळ

इंग्रजी क्रियापदांची लग्नं कराडच्या शालनताई माने जुळवून देतात. आधी त्या माणसांची जुळवायच्या, पण माणसं हल्ली आपापलं बघून घेतात. क्रियापदांचं तसं नाही. एकटं क्रियापद बोलणाऱ्याच्या तोंडात अडकून बसतं आणि वाक्य काही पुढं सरकत नाही.

मुलीकडची रीत एकच. टू गो असो की टू ईट, प्रत्येकीबरोबर टू नावाची पाठराखीण सासरी जाते. वॉन्ट, प्लॅन, डिसाइड ही मंडळी तिला हौसेनं ठेवून घेतात. कॅन आणि मस्ट यांचा मात्र हट्ट, मुलगी एकटीच पाठवा. हेल्प स्वभावानं मोकळा. पाठराखीण आली तर आली, नाही तर नाही. एन्जॉयनं दर वेळी पोहे खाऊन सगळ्याच मुली नाकारल्या, तेव्हापासून ताई त्याला नुसत्या चहावर वाटेला लावतात.

त्या दिवशी घरात नुसती धांदल उडाली होती. ताईंची लेक केतकी नर्स होती आणि आयर्लंडच्या एका इस्पितळाची मुलाखत दुपारी लॅपटॉपवर व्हायची होती. आणि ती सकाळपासून "आय होप"पाशी अडकत होती.

"आई, होपचं अजून जमलं नाही का गं? पुढं काय करणार, असं ते विचारणारच की!"

"जमवते! आत्ताच्या आत्ता जमवते!" ताईंनी पदर खोचला आणि फोन फिरवला.

होप लगेच आला, इस्त्रीचा शर्ट घालून, सारखा दाराकडं बघत. त्याच्यासाठी दोन मुली आल्या, टू स्टे आणि टू रिटर्न. दोघी त्याला शोभणाऱ्या. एकदम आनंदीआनंद झाला आणि त्याच आनंदात ताईंची नजर स्टेवर अडकली. इस्पितळाला टिकून राहणारी नर्स हवी होती, ते जाहिरातीतच लिहिलं होतं. आणि केतकी तर लहानपणापासून बोलेल ते करणारी; स्टे म्हणाली की तिकडंच राहणार.

"अगं टू," ताई स्टेच्या पाठराखिणीला म्हणाल्या, "साखर संपलीय बघ. कोपऱ्यावरून आणतेस का?"

टू पिशवी घेऊन निघाली. होप पाहण्याच्या खोलीत आला, स्टेला बघून खुलला, मग इकडंतिकडं बघू लागला.

"हिची पाठराखीण कुठाय?"

"नाही आली," ताई म्हणाल्या.

"मग कसं जमायचं, ताई? आमच्या घरात मुलीला एकटीला आणत नाहीत." त्याचा चेहरा उतरला. "दुसरीला बघतो."

केतकीनं हे स्वयंपाकघरातून ऐकलं. तिनं चहासाठी साखरेचा डबा उघडला. डबा काठोकाठ भरलेला होता. तिनं आईकडं पाहिलं आणि डब्याचं झाकण हळूच लावलं.

"असू दे, आई," ती म्हणाली. "रिटर्न तर रिटर्न. नोकरी काय, इथंही मिळेल."

ताईंना ते ऐकवेना. चप्पल न घालता त्या जिना उतरल्या, भर उन्हात कोपऱ्यापर्यंत पळाल्या आणि वाण्याशी घासाघीस करणाऱ्या टूला हाताला धरून ओढत घेऊन आल्या. "ही बघा पाठराखीण! चूक माझी. मीच पाठवली होती हिला!"

होपनं हातातली बशी तशीच खाली ठेवली. सुपारी फुटली, पेढे वाटले आणि तेवढ्यात लॅपटॉप वाजला.

"आय होप टू स्टे," केतकी खणखणीत म्हणाली. पलीकडच्या बाई हसल्या. नोकरी पक्की झाली! सगळ्यांनी एकच गिल्ला केला. होप तर उड्या मारत होता.

ताईही हसल्या, खूप हसल्या, आणि डोळे पुसायला माजघरात गेल्या. तिथं टू रिटर्न आपल्या पाठराखिणीबरोबर खाली मान घालून बसली होती.

"माझं काय हो, ताई?"

"तू राहा इथंच," ताई म्हणाल्या. "बघू काही दिवसांनी."

जायच्या आदल्या दिवशी केतकी स्टँडवर सामानासाठी साखळी आणायला गेली, ती एका पाहुण्याला घेऊनच परत आली. ताठ कण्याचा, शब्दाला जागणारा वाटावा असा.

"आई, हा प्रॉमिस. म्हणतो, पाठराखीण आलीच पाहिजे. आपल्या रिटर्नला दाखव."

ताईंनी त्याला पाट दिला आणि पोह्यांवर ओलं खोबरं जरा जास्तच पेरलं.