एकाच ट्रेमधले नाचोज

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाच्या दोन्ही बहिणींचं वर्षभर बोलणं बंद होतं. कारण एवढंच, की थोरलीने आईच्या आरामखुर्चीला धाकटीला न विचारता हिरवा रंग दिला होता. शेवटी त्याने दोघींना रविवारी दुपारी घरी बोलावलं. दुसरीही येणार आहे, हे मात्र दोघींनाही सांगितलं नाही.

"अहो, मी करते ना काहीतरी," बायको म्हणाली.

"नको. नाचोज मीच करणार. मक्याचे कुरकुरीत काप, वर झणझणीत चिकन, त्यावर चीज. एकाच ट्रेमधून सगळ्यांनी खायचं. एका ताटात हात घातल्यावर माणूस किती वेळ तोंड फिरवून बसेल?"

"बरं, पण तिखट बेतानं घाला."

"अख्ख्या गावाचा जीव माझ्या दोरावर लटकलेला असतो. तिखटाचं काय घेऊन बसलीस."

चिकन परतताना त्याने चव घेतली. मिळमिळीत वाटलं, म्हणून चमचाभर तिखट घातलं. पुन्हा चव, पुन्हा चमचा. एव्हाना जीभ इतकी बधिर झाली होती, की तिखट वाढेल तसतसं चिकन त्याला अधिकच मिळमिळीत लागायला लागलं. शेजाऱ्यांनी खोकत खोकत खिडकी लावून घेतली. बायकोने त्याची पाठ वळल्यावर उतारा म्हणून दुप्पट चीज पसरलं.

ट्रे ओव्हनमध्ये गेला आणि बेल वाजली. दोघी बहिणी एकाच लिफ्टने वर आल्या होत्या आणि दोन वेगवेगळ्या भिंतींकडे बघत उभ्या होत्या.

"ही येणार होती, तर सांगायचंस मला," थोरली म्हणाली.

"मी जाते, दादा," धाकटी म्हणाली.

त्यांची समजूत काढून त्यांना खुर्च्यांवर बसवेपर्यंत आत चीज आळून दगड झालं होतं. तरी त्याने ट्रे मोठ्या दिमाखात मधोमध ठेवला. थोरलीने एक काप उचलला, तर सतरंजी उचलावी तसा अख्खा थर वर आला.

"पलीकडून कुणीतरी धरा," तो म्हणाला.

पलीकडे धाकटीच होती. तिने नाइलाजाने कड धरली. दोघींनी जोर लावला तेव्हा कुठे थराचे दोन तुकडे झाले.

पहिल्याच घासाला थोरलीचे डोळे भरून आले. नाक लाल झालं. बोलायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. धाकटी बघतच राहिली. सगळ्या घराला दटावणाऱ्या ताईला तिने असं कधी पाहिलंच नव्हतं.

"ताई, एवढं मनाला लावून घेऊ नकोस गं. हिरवा रंग काही वाईट दिसत नाही," असं म्हणत तिनेही घास घेतला, आणि मग तिच्याही डोळ्यांना धारा लागल्या. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. बायको पाण्याचे ग्लास घेऊन शेजारी ताटकळत उभी राहिली.

निघताना धाकटी पुढे गेल्यावर थोरलीने त्याला बाजूला घेतलं.

"अरे, मी रडत नव्हते. तिखटानं जीव चालला होता माझा. पण तिला सांगू नकोस. किती दिवसांनी मला ताई म्हणाली."

दार लावून तो आत आला, तेव्हा त्याची छाती चांगली दोन इंच फुगली होती.

"ऐकलंस? ताई स्वतः म्हणाली, मायेबियेचा काही संबंध नाही. जे काही झालं, ते सगळं माझ्या नाचोजमुळे झालं."