भांग सापडला

एका जंगलात गुणाजी नावाचं एक अस्वल राहत होतं. अगदी नाकासमोर चालणारं. अस्वलाचं नाक केवढं असतं ते तुम्ही पाहिलंच असेल, मुलांनो, तेव्हा किती सरळ चालत असेल ते समजून घ्या.

गुणाजी दिवसभर मध काढायचा, वारुळं उकरायचा, बायकोला, म्हणजे येसाबाईला, हवं-नको ते बघायचा. संध्याकाळी ओढ्याकाठच्या जांभळीखाली बसून चिलीम भरायचा. ओढ्याला एक झाड आपोआप उगवायचं. त्याचे शेंडे खुडायचे, वाळवायचे, तळहातावर चोळून चिलमीत घालायचे. दोन झुरके मारले की "बरं चाललंय आपलं," असं स्वतःशीच म्हणायचा आणि घरी जाऊन जेवायचा. जरा जास्त जेवायचा. बाकी काही नाही.

चिलीम वाईटच हो. येसाबाईलाही ती आवडायची नाही. खोकून खोकून मरशील एक दिवस, असं ती रोज म्हणायची. तोही रोज हो म्हणायचा. हा त्यांच्या घरातला मामला होता. तुमच्या घरी असे मामले नसतात असं धरून मी पुढे सांगतो.

त्या वर्षी येसाबाईचे दिवस भरत आले होते. जुनी गुहा गळत होती. पावसाआधी नवी उकरायला हवी होती आणि उकरणारा गुणाजी एकटाच. त्यामुळे काहीही झालं तरी त्याला घरी असणं भाग होतं. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे दरबारात ते कोणीच ठेवलं नाही.

जंगलात तेव्हा हरणांची पाडसं नाहीशी होत होती. कोण नेतं ते सगळ्यांना माहीत होतं. पण त्याचं नाव घेतलं की दुसऱ्या दिवशी आपलंही पाडस जायचं, म्हणून कोणी घेत नव्हतं. ओरड वाढली तेव्हा सिंहमहाराजांनी कोतवालाला बोलावून गुन्हेगार पकडायचा हुकूम दिला. कोतवाल म्हणजे रानडुक्कर. महाराजांच्या दाढेत त्या वेळी काहीतरी अडकलं होतं. ते काय आहे हे विचारणं कोतवालाच्या कामात बसत नव्हतं.

कोतवाल पुष्कळ हिंडला. पण गुन्हेगार फार पळतात, बरं का. त्यांच्यामागे पळायचं म्हणजे धाप लागते. शेवटी त्याला जांभळीखाली एक जण बसलेला दिसला. चौकशी केली तेव्हा कळलं की हा रोज इथेच बसतो. गुणाजीने त्याला या म्हटलं, सरकून जागा दिली. कोतवाल बसला, दम खाल्ला आणि मग त्याने गुणाजीला धरलं.

आता कायदा काय होता तो ऐका. हसायचं नाही. कायद्याला हसलं की वाढतो तो.

त्या झाडाच्या पानांची भांग होते. शिवरात्रीला दरबारात ती दुधात घोटून पितात. राणीसाहेब स्वतःच्या पंजाने वेलदोडे घालतात. तो प्रसाद. त्याच झाडाच्या शेंड्याचा, म्हणजे फुलोऱ्याचा, गांजा होतो. तो गुन्हा. झाड एकच. त्याच्या मुळाला पाणी घालायचं की बेड्या, हे प्रधानजींना ठरवता आलं नव्हतं, म्हणून मुळाबद्दल कायदा गप्प होता.

इकडे जप्त केलेल्या मालाचा कोतवालाच्या खुराखाली पार चुरा झाला होता. पान कुठलं आणि फूल कुठलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. म्हणजे तो माल काय आहे हे आता गुणाजी त्याला काय म्हणतो यावर ठरणार होतं.

येसाबाईने हे बरोबर हेरलं. जड पावलांनी ती कोठडीशी आली आणि तिने नवऱ्याला पढवलं. गांजा हा शब्द तोंडातून काढायचा नाही. भांग म्हणायचं. भांग म्हटलं की सुटका, आणि सुटलास की सरळ घरी यायचं आणि गुहा उकरायला घ्यायची. गुणाजीने शब्द घोकला. झोपेतसुद्धा घोकला. अस्वलाला पाठांतर जड जातं, पण एवढा एक शब्द त्याला पाठ झाला.

दरबार भरला. शिवरात्र जवळ आली होती, त्यामुळे महाराजांनी सकाळीच प्रसादाची चव बघून ठेवली होती. स्वारी खुशीत होती. शेजारी प्रधान, म्हणजे बगळा, एका पायावर उभा होता. तो एका पायावर उभा राहतो म्हणून लोक त्याला निःपक्षपाती समजत.

महाराजांनी विचारलं, काय रे, काय करतोस या वस्तूचं?

"माझ्यापुरतं घेतो, महाराज," गुणाजी म्हणाला. "कुणाला देत नाही. कुणाचं नेत नाही."

शेवटच्या वाक्याला महाराज जरा खोकले. पण त्यांना ते पटलं. माझ्यापुरतं तर आम्हीही घेतो, असं ते म्हणाले आणि सोडून द्यायच्या बेतात आले. येसाबाईचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात बगळ्याने चोच उघडली. "तुझ्याजवळ नक्की काय सापडलं, ते तुझ्या तोंडाने सांग."

गुणाजी ताठ उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "भांग सापडला, महाराज."

येसाबाईने कपाळावर हात मारला. शब्द बदलला होता, पण क्रियापद गांजाचंच राहिलं होतं. इतक्या वर्षांची जिभेची सवय, दोन दिवसांत कशी जाणार?

बगळ्याने मान वाकडी केली. भांग सापडली असं म्हणतात, तो म्हणाला. भांग सापडला म्हणजे केसांतला. आरोपीवर अन्याय नको, म्हणून दरबाराने त्याच्या अंगावर भांग शोधायचा हुकूम दिला. एका माकडाने साळिंदराचा काटा घेऊन गुणाजीला डोक्यापासून तळपायापर्यंत विंचरलं. अस्वलाचे केस तुम्ही पाहिलेत ना? भांग काही सापडला नाही.

मग बगळ्याने निकाल सांगितला. जी सापडते ती भांग नाही, असं आरोपीच कबूल करतो. जो सापडतो तो भांग झडतीत मिळाला नाही. तेव्हा पुल्लिंगात उरला गांजा. महाराजांना हे फार आवडलं. त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

येसाबाई पुढे आली. "महाराज, माझे दिवस भरलेत. गुहा व्हायची आहे."

"हा मुद्दा व्याकरणात येत नाही," बगळा म्हणाला.

गुणाजी कोठडीत गेला. कोतवालाला बढती मिळाली. पाडसं नाहीशी होतच राहिली, पण कोणालाच पकडलं नाही असं आता कोणी म्हणू शकत नव्हतं.

येसाबाईने एकटीने उकरायला घेतलं. अर्धी गुहा झाली आणि अवकाळी पाऊस आला. त्या ओलीत तिला दोन पिल्लं झाली. एकच जगलं. हे सांगताना मला वाईट वाटतं. तुम्हालाही वाटलं तर वाटू द्या.

वर्ष सरलं आणि गुणाजी सुटला. बाहेर येताच त्याला गेलेल्या पिल्लाची बातमी कळली. ओढ्याकाठची झाडं कोतवालाने मुळासकट उपटली होती. कोठडीच्या दारासमोर मात्र दरबाराने मोहाच्या दारूचं दुकान उघडलं होतं. वर सिंहाच्या पंजाचा शिक्का होता. गुणाजी आत शिरला.

आता तो रोज तिथे जातो. झुलत घरी येतो, मडकी फोडतो आणि येसाबाईला मारतो. पिल्लू तिच्या पाठीमागे दडतं. शेजाऱ्यांनी एकदा तक्रार केली. कोतवालाने येऊन गुणाजीच्या तोंडाचा वास घेतला. शिक्क्याची आहे, असं सांगून तो निघून गेला.

पुढच्या शिवरात्रीला दरबाराने सुधारलेलं अस्वल म्हणून गुणाजीच्या गळ्यात हार घातला. महाराजांनी येसाबाईलाही जवळ बोलावलं आणि तुला काय हवं ते माग, असं सांगितलं.

"माझा गुन्हेगार तेवढा परत द्या, महाराज," येसाबाई म्हणाली.

तात्पर्य : नशा वाईटच. तरी करायचीच झाली तर भांगेसारखी, दारूसारखी स्त्रीलिंगी करावी. मग शिक्षा घरातल्या स्त्रीलिंगालाच होते आणि दरबाराचा वेळ वाचतो.