म्हातारी चढल्याशिवाय

सुशील भैया दारात चपला काढत होता. गेम आता उन्हाळ्यात नाही, दिवाळीच्या आधीच काढायचा, हे त्याने तिथूनच सांगितलं, तेव्हा गंधाली पडद्यावरच्या बकरीचे पाय मोजत होती. बकरीला पाच पाय आले होते.

"दिवाळी म्हणजे कोणती?" तिने मान वर न करता विचारलं.

"यहीवाली. अजून सात आठवडे आहेत ना. पैसे लावणारे हैदराबादवाले म्हणतात, सुट्टीत लोकांच्या हातात पाहिजे. मी हव, चालेल म्हणून दिलं."

"भैया, आपलं काम सात महिन्यांचं बाकी आहे."

"तर मग फास्ट करू. बाकीचं अपडेटमध्ये टाकू."

रायपूरच्या पुरानी बस्तीत शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या, हेच त्यांचं ऑफिस. माणसं तीन. सुशील मालक, चिराग चित्रं काढणारा आणि ती चित्रं चालती-बोलती करणारी गंधाली. गेमचं नाव 'छोटी लाईन'. रायपूरहून अभनपूरकडे जी छोटी गाडी डुगडुगत जायची, त्या गाडीचा गार्ड व्हायचं, प्रवासी चढले-उतरले ते पाहायचं, शिट्टी फुंकायची, हिरवी झेंडी दाखवायची आणि अभनपूर गाठायचं. एवढाच खेळ. यात मारामारी नव्हती, आणि सुशीलला तीच काळजी होती.

खेळाची मूळ कल्पना गंधालीच्या वडिलांवरून निघाली होती. नरहर याच लाईनवर गार्ड होते. निवृत्त झाल्यापासून ते दर रविवारी जेवण झालं की पोरीला एकेक बारकावा सांगत. झेंडी कोणत्या हातात धरायची, शिट्टी किती लांब वाजवायची, बकरीचं तिकीट कसं फाडायचं. दोन वर्षं हे चाललं होतं. स्वतःहून त्यांनी एकच गोष्ट मागितली होती.

"एक म्हातारी टाक त्यात. डोक्यावर सीताफळाची टोपली. हळू चालते."

"कोणत्या स्टेशनवर?"

"माना स्टेशन सोडल्यावर जो बारका थांबा लागते, तिथं."

गंधालीने म्हातारी टाकली. चिरागने तिला हिरवं लुगडं नेसवलं, पायात चांदीचे तोडे घातले. नरहरांनी पडद्यावर तिला पाहिलं, चष्मा पुसला आणि चहा मागितला.

मग ते सात आठवडे सुरू झाले. पहिल्या आठवड्यात पाऊस गेला, म्हणजे गेममधला. दुसऱ्यात दोन स्टेशनं गेली. तिसऱ्यात चिरागने प्रत्येक सामानाचं माप वेगळं घ्यायचं सोडून दिलं आणि सगळ्याला धानाच्या पोत्याचं माप लावलं. त्यामुळे सीताफळाची टोपली दिसायला टोपलीएवढी राहिली, पण गेमच्या लेखी ती पोत्याएवढी रुंद झाली. डब्याच्या दारात ती अडायला लागली.

गंधालीने दार रुंद केलं. तर त्या दारातून बकरी आत गेली आणि गार्डाच्या बाकावर बसली. बकरीला बाहेर काढलं, तर एक पोलीस छतावर चढला. तो का चढला हे कोणालाच कळलं नाही. शेवटी तिने दार होतं तसं केलं आणि म्हातारीला थोडी तिरकी चालवली. मग ती तीनदा चढायची आणि चौथ्यांदा अडायची. अडली की दारापाशी जागच्या जागी पाय हलवत राहायची, तोडे वाजत राहायचे.

"भैया, म्हातारी चढून नाही राहिली."

"गाडी अटकते का?"

"नाही. झेंडी दाखवली की सुटते. म्हातारी मागे राहते."

"मग प्रॉब्लेम काय आहे? गेम तो चल रहा है ना."

गंधालीच्या भिंतीवर चुकांचा कागद होता. त्यावर दोन प्रकार केले होते, 'आत्ता' आणि 'नंतर'. तिने म्हातारीसमोर पेन धरलं. थोडा वेळ धरून ठेवलं. मग 'नंतर' लिहिलं. बकरीचा पाचवा पाय 'आत्ता'मध्ये होता, कारण जाहिरातीच्या चित्रात बकरी होती.

उद्घाटन रविवारी सकाळी अकराला, मराठी मंडळाच्या सभागृहात ठेवलं होतं. गेम सकाळी आठलाच फोनवर उपलब्ध झालेला होता, सभागृहात फक्त नारळ फोडायचा होता. सुशीलने समोसे, मोठा पडदा आणि एक माईक आणला. पहिल्या रांगेत छोट्या लाईनची जुनी माणसं बसली होती. त्यांत अभनपूरहून खास बस पकडून आलेले गुलाबराव होते. नरहरांच्या गाडीचे ते वर्षानुवर्षं ड्रायव्हर. आपलं स्टेशन पडद्यावर कसं दिसतं हे त्यांना पाहायचं होतं.

नरहर गार्डाचा पांढरा कोट घालून आले होते. कोट पोटावर बसत नव्हता, तरी त्यांनी एक बटन लावलंच होतं. स्टेजवर खुर्चीत बसून त्यांनी खेळ सुरू केला. रायपूरहून गाडी वेळेवर सुटली. मानाला सगळे नीट उतरले. टाळ्या पडल्या. मग तो बारका थांबा आला.

सीताफळाची टोपली घेऊन म्हातारी आली, दारापाशी गेली आणि अडली. छुम छुम छुम, पाय जागच्या जागी.

गंधाली पडद्यामागे उभी होती. चारातून एकदा अडायची, आणि ती वेळ नेमकी आजच आली होती.

नरहर वाट पाहत बसले. एक मिनिट. दोन मिनिटं.

"काका," सुशील वाकून म्हणाला, "झेंडी दाखवा."

"प्यासेंजर बाहेर आहे."

"ती राहू द्या. ती येते मागून."

"मागून कशी येईल? मागं गाडी नाही."

"काका, गेम आहे."

"हो, पण गार्ड तर मीच आहो ना."

प्रेक्षकांत कोणी हसलं. सुशीलने माईक घेतला आणि छोट्या लाईनच्या इतिहासाबद्दल बोलायला लागला. तो त्याला चार मिनिटं पुरला. गेममधलं घड्याळ भराभर पुढे सरकत होतं, त्यामुळे दुसऱ्या सकाळच्या गाडीचे प्रवासीही फलाटावर येऊ लागले. सगळे म्हातारीच्या मागे रांगेत लागले. तेही चालत राहिले, कारण दार अडलेलं होतं. थोड्या वेळाने फलाटावर तीस-चाळीस माणसं जागच्या जागी पाय हलवत होती. त्यांच्यात जागा न उरल्यामुळे पोलीस छतावर चढला.

"हे बी खेळात आहे का?" मागून कोणी विचारलं.

"असंल. आजकाल सगळंच राहते," दुसऱ्याने उत्तर दिलं आणि समोसा आणायला गेला.

पाऊण तास झाला. समोसे संपले. सुशील तिसऱ्यांदा वाकला. "काका, हात जोडतो. हैदराबादवाले फोनवर हे लाइव्ह पाहून राहिले."

नरहर उठले. कोटाचं बटन नीट केलं, सुशीलच्या हातातला माईक घेतला आणि फलाटावर सांगावं तसं सांगितलं, "यात्रीगण कृपया ध्यान दें. यह गाड़ी रद्द की जा रही है." मग त्यांनी मराठीत, थोडं हळू म्हटलं, "बाईले चढता येऊन नाही राहिलं. गाडी रद्द."

सभागृह हसून लोटपोट झालं. नरहर हसले नाहीत. त्यांनी माईक खुर्चीवर ठेवला आणि पायऱ्या उतरले.

घरी जाताना ऑटोत बापलेक शेजारी बसले होते. तात्यापारा चौक आला तेव्हा नरहरांनी विचारलं, "तुले माहीत होतं?"

"हो बाबा."

"आधीपासून?"

"तीन आठवडे."

ते रस्त्याकडे पाहत राहिले. त्यांनी रागवावं असं गंधालीला वाटत होतं. रागावले असते तर तिला सुशीलचं नाव घेता आलं असतं, हैदराबादचं घेता आलं असतं. त्यांनी तिच्या मांडीवरची पिशवी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली, तिला ओझं होत असेल म्हणून.

संध्याकाळपर्यंत 'गाडी रद्द'चा व्हिडिओ शहरभर फिरला. लोकांनी गेम उतरवून घेतला, पाहिला आणि काढून टाकला. अभिप्राय एकाच धर्तीचे होते. कोणाचा पोलीस छतावर, कोणाची बकरी हवेत. एकाने लिहिलं होतं, 'बूढ़ी अम्मा को छोड़कर जाना पड़ता है. मन खराब हो गया.' गंधालीने तो अभिप्राय किती वेळा वाचला याची गणती नव्हती. हैदराबादवाल्यांनी दिवाळी संपायच्या आत हात झटकले. चिराग दुसरीकडे लागला. सुशील खोल्यांत येईना, आला तर नव्या गेमच्या तारखेबद्दल बोले.

गंधालीने दोन खोल्यांत एकटीने सगळं पुन्हा केलं. प्रत्येक पोतं, प्रत्येक टोपली वेगळी मोजली. पाऊस परत आणला. दोन्ही स्टेशनं परत आणली. म्हातारी दोनशे वेळा चढवून पाहिली, दोनशे वेळा ती चढली. मार्चमध्ये तिने सुधारलेला गेम टाकला. त्याबद्दल कोणी एक ओळ लिहिली नाही. लोकांनी एकदा हसून घेतलं होतं, त्यांचं काम झालं होतं.

"चाल, गुलाबरावले दाखवू," एका रविवारी नरहर म्हणाले. "त्यानं खेळातलं अभनपूर पाहिलंच नाही."

अभनपूरला गुलाबराव अंगणात खाटेवर बसून होते. त्यांनी फोन डोळ्यांपाशी धरला आणि नरहरांनी शेजारून झेंडीचं बटन सांभाळलं. थांबा आला. म्हातारी आली, वाकली, टोपली आधी आत सरकवली आणि चढली. गाडी सुटली. नरहरांनी इतका वेळ धरलेला श्वास सोडला, तो गंधालीला ऐकू आला.

गुलाबराव फोन खाली ठेवत म्हणाले, "सभागृहातच वाटलं होतं मले, ही बाई तर तीच आहे बे. तू सोडलेली."

गंधालीने वडिलांकडे पाहिलं.

"सांगितलं नाही पोरीले?" गुलाबरावांनी विचारलं. "त्या दिवशी आमची गाडी वीस मिनिटं लेट. कंट्रोलवाले बोंबलून राहिले. यानं झेंडी देल्ली अन् बाई फलाटावरच."

"मले दिसली होती ती," नरहर म्हणाले. ते गंधालीकडे न पाहता बोलत होते. "टोपली घेऊन धावत होती. मी म्हटलं, येईल मागच्या गाडीनं. मागं गाडी सकाळीच होती. मले ते बी माहीत होतं." मग ते म्हणाले, "तीस वर्षं होत आली. कुठं झोपली असंल ती रात्रभर, कोण जाणे."

"झोपली कायची," गुलाबराव म्हणाले. "दुसऱ्या दिवशी तू सुट्टीवर होता. सकाळच्या गाडीत तीच पहिली चढली. थेट इंजिनात येऊन बसली अन् अभनपूरपर्यंत तुह्या सात पिढ्या काढल्या. कोळसा टाकणारा पोट्टा हसून हसून खाली बसला. जाता जाता मले दोन सीताफळं देल्ली."

नरहर त्यांच्याकडे वळले.

"मले काहून नाही सांगितलं?"

"तू कधी विचारलंच नाही."

"काय शिव्या देल्ल्या?"

"आता आठवते का ते? कायतरी, तुह्या झेंडीले वाळवी लागो, असं होतं."

नरहरांनी ते मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिलं. मग खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, तो लावला आणि गंधालीला म्हणाले, "हे टाक त्यात. मागं राहिली तर दुसऱ्या दिवशी येते अन् गार्डाले शिव्या देते."

"बाबा, त्याला महिना लागेल. अन् आता गेम खेळतं कोण? कालपर्यंत अकरा जण होते."

"अकरा?" नरहर म्हणाले. "सोमवारच्या दुपारच्या गाडीले तेवढेच राहायचे. तरी गाडी सुटायचीच."