पाळण्याच्या पाइपातली खडखड

पहिलाच झोका दिला आणि वरून आवाज आला, "खड्ड... खडखडखड."

अनुपमाने पाळणा दोन्ही हातांनी घट्ट धरला. आत चाळीस दिवसांची छकुली होती आणि पाळणा ज्याला लटकला होता तो लोखंडी चौकोनी पाइप नेमका तिच्या डोक्यावर. छकुलीने मोठी जांभई दिली. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

ती चौकट कालच इंद्रभानने उभी केली होती. गेट-ग्रिल करणारा तो गावातला कारागीर. वेल्डिंगच करायचं होतं, पण काल धाड गावच्या बाजाराच्या दिवशीच नेमकी वीज गेली. "बोल्ट मारून देतो वहिनी, हत्ती लटकवा!" म्हणत त्याने बॅटरीच्या ड्रिलने आरपार भोकं पाडली, लांब बोल्ट आवळले, पाइपाच्या तोंडांवर काळी टोपणं ठोकली आणि तो गेला.

"अहो, आवाज येऊन राह्यला!"

"बोल्ट ढिला असंन," म्हणत तिचा नवरा ज्ञानेश्वर पाना घेऊन स्टुलावर चढला. पहिल्या वेढ्याला पाइप कुरकुरला. तिसऱ्याला पाइपाचे दोन्ही गाल आत गेले.

"अरे देवा, चेपला!" सासूबाई मनकर्णाबाई ओरडल्या.

"पोकळ असते आई तो."

"पोकळ? माही नात तू पोकळ लोखंडाले टांगली?"

छकुली पाळण्यातून निघाली आणि या मांडीवरून त्या मांडीवर फिरू लागली. अनुपमा मात्र सारखी वर बघू लागली. पंख्याखाली बसली की तिला पंख्याचा बोल्ट दिसायचा. तिथून उठली तर वर ट्यूबलाइट. शेवटी ती बाळाला घेऊन अंगणात बसली. वर फक्त आभाळ होतं. तेवढ्यात त्यातून एक कावळा गेला.

दुपारी इंद्रभान आला. चेपलेला पाइप बघून त्याने कपाळाला हात लावला.

"कोणं पिळला एवढा? पोकळ पाइप आवळत गेलं का भिंती आत येतातच, भाऊ!"

"मंग तूच काऊन नाही सांगितलं बे?"

इंद्रभानने मान खाजवली. नवा पाइप आणला. भोकात आधी पाइपाच्या रुंदीएवढा नळीचा तुकडा आरपार बसवला आणि त्या नळीतून बोल्ट घातला. "आता कितीक आवळा. जोर नळीवर जाते, पाइप चेपत नाही." मग पाळण्यात सोयाबीनचं पोतं ठेवून झुलवलं. काही वाकलं नाही, काही वाजलंही नाही.

"पण मंग खडखड कायची होती?" अनुपमाने विचारलं.

इंद्रभानने जुन्या पाइपाचं टोपण काढून पाइप तिरपा केला. दोन नट फरशीवर पडले.

"आधी नट आतूनच लावाले गेलो, वहिनी. बोटातून निसटला. दुसरा घातला, थोही त्याच्याच मागं गेला. मंग लांब बोल्ट आरपार मारून नट बाहेरून लावला."

"अन् सांगितलं काऊन नाही?"

"म्हणलं, तुम्ही उगाच घाबरसान."

मनकर्णाबाईंनी स्टुलावरचा पाना उचलून त्याच्यावर उगारला. छकुलीला नव्या पाइपाला टांगलेल्या पाळण्यात घातलं. झोका अगदी गुपचूप गेला आणि छकुलीने भोकाड पसरलं. ज्ञानेश्वरने टाळ्या वाजवल्या. मनकर्णाबाईंनी सगळे पाळणे म्हटले. इंद्रभाननेही शिट्टी मारून पाहिली. पोर निळी पडायला आली.

घाबऱ्याघुबऱ्या अनुपमाचा पाय फरशीवरच्या नटाला लागला. खडखड. छकुली थांबली आणि तिने जांभई दिली.

अनुपमा नटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "इंद्रभानभाऊ, नव्या पाइपाचं टोपण काढा."

"आता काऊन?"

"ते नट टाका आत."

"दोन्ही?"

"दोन्ही."

दहा झोक्यांत छकुली गाढ झोपली. "बस झालं, थांब आता," मनकर्णाबाई कुजबुजल्या. अनुपमा थांबली. पाइप गप्प झाला. तिने वर पाहिलं, मग खाली, छकुलीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघितला आणि हळूच अजून एक झोका दिला. खडखड.

"आता काय झालं वं?" सासूबाईंनी विचारलं.

"आवाज थांबला का भ्या वाटते, आत्याबाई."