मुरगुडातली सार्क परिषद

मोठमोठ्या पुढाऱ्यांना जे दहा-अकरा वर्षं जमलं नाही, ते मी एका रविवारी, मुरगुडात, मटणाच्या जेवणासकट करून दाखवणार होतो. सार्कची परिषद! हसू नका. २०१४ ला काठमांडूत शेवटची भरली, त्यानंतर कुणी कुणाच्या दारात गेलं नाही. कचेरी आहे, झेंडे आहेत, साहेब लोक आहेत. परिषद तेवढी नाही! मी बायकोला म्हणालो, "ह्यांना माणसं गोळा करायची अक्कलच न्हाय. माझ्याकडं द्या म्हणावं काम. आठ दिवसांत करून देतो."

निशिगंधा भाकरी थापत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही. "आधी आपल्या अपार्टमेंटची मीटिंग भरवून दावा. गेल्या खेपेला तुमी आणि वॉचमन दोघंच होता."

बायकांना परराष्ट्र धोरण कळत नाही, असं मनात म्हणून मी कामाला लागलो.

मूळ भानगड चाळीस वर्षांपूर्वीची. १९८५ च्या डिसेंबरात ढाक्याला सार्क निघाली. सात शेजारी देश एकत्र बसले: भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका, भूतान आणि मालदीव. आठवा अफगाणिस्तान फार पुढं, २००७ ला आला. आम्ही तेव्हा मुरगूडच्या शाळेत आठवीत होतो. आमच्या संयोगिताबाईंनी ती बातमी पेपरात वाचली आणि गॅदरिंगला 'सात शेजारी' नावाचं नाटुकलं बसवलं. कोण कुठला देश, ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. चिठ्ठीत येईल तो देश घ्यायचा. रडायचं नाही, बदलायचं नाही.

मुनव्वरला भारत आला. त्याचे अब्बा गावातले शिंपी. त्यांनी सगळ्यांचे कपडे फुकट शिवले आणि पोराला स्वतःच्या हातानं कोल्हापुरी फेटा बांधला. हंबीररावला आला पाकिस्तान. हिरवी शेरवानी घालून तो स्टेजवर आला आणि छाती काढून म्हणाला, "शेजाऱ्या, माझ्या विहिरीचं पाणी गोड आहे. ये, पिऊन जा!" टाळ्यांनी पत्रे हादरले! खाली बसलेली त्याची आजी शेजारणीला ढोसून म्हणाली, "बघ गं, माझा पाकिस्तान कसा उठून दिसतुया!" आणि घरी नेऊन तिनं त्याची मीठमिरच्यांनी दृष्ट काढली. अख्ख्या गावात कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आज असं काही करून बघा! मीठमिरच्या बाजूलाच राहतील, आधी चॅनेलवाले येतील.

मालदीव म्हणजे पाण्यातली बेटं, म्हणून मेहमुदाला पाणी भरलेल्या घमेल्यात उभं केलेलं. तिला आठवडाभर पडसं होतं. आणि मी भूतान! भूतानात काय घालतात हे मुरगुडात एकालाही ठाऊक नव्हतं. म्हणून बाईंनी त्यांच्या मिस्टरांचा घरात घालायचा गाऊन मला चढवला आणि कंबरेला नाडी बांधली. पोरं हसून लोळली. पुढं कैक वर्षांनी टीव्हीवर भूतानची माणसं बघितली आणि मी उठून उभाच राहिलो. डिट्टो गाऊन!

तेव्हापासून आम्हाला नावं उरली नाहीत, देश उरले. "भूतानच्या पोरीचं लग्न ठरलं", "नेपाळला नात झाली", "बांगलादेशला शुगर निघाली", असंच आम्ही बोलायचो. भर बाजारात "ए पाकिस्तान, चहा पाज की!" अशी हाक गेली, की हंबीरराव लांबूनच हात करायचा. अलीकडं मात्र हाक आली की तो आधी आजूबाजूला कोण आहे ते बघायचा. दोष त्याचा नाही. हवाच तशी नासवून ठेवलीय लोकांनी.

तर मागच्या महिन्यात बाईंचा फोन आला. बाईंचं वय ब्याऐंशी. "सयाजी, मी सोमवारी मुलीकडे नागपूरला चाललेय. कायमची. तुम्हा सातजणांचा फोटो नाही रे माझ्याकडे. त्या दिवशी फोटोग्राफरचा रोल बक्षीस समारंभातच संपला. जाण्याआधी सातजण एकत्र उभे राहा. एवढा एक फोटो दे मला."

आता बोला! बाईंनी आयुष्यात माझ्याकडं मागितलेली ही पहिलीच गोष्ट. नाहीतर आजवर फक्त गृहपाठ मागितला होता.

मी लगेच व्हॉट्सअॅपवर 'सार्क' ग्रुप काढला, सातहीजणांना ओढून घेतलं आणि इथंच माझ्या हुशारीनं माती खाल्ली. मी खऱ्या सार्कची सनद वाचलेली. तिच्यात दोन कलमं आहेत: प्रत्येक निर्णय एकमतानं घ्यायचा, आणि दोन देशांची आपापसातली भांडणं बैठकीत काढायची नाहीत. काय सुंदर कलमं! दोन्ही जशीच्या तशी ग्रुपवर टाकली. सगळ्यांनी न वाचता अंगठा उठवला.

मग सुरू झालं. मी तांबडा रस्सा सुचवला. श्रीलंकेला ॲसिडिटी! पांढरा सुचवला. नेपाळचा रविवारी उपास! जिलेबीला बांगलादेशचा विरोध. "मग नुसता भात ठेवा," मालदीव म्हणाली. त्यालाही बांगलादेशचा विरोध! चार दिवस सातजणांचं कशावर म्हणून एकमत झालं नाही. सार्क का चालत नाही हे सांगायला मोठमोठे तज्ज्ञ पुस्तकं लिहितात. त्यांना आमच्या ग्रुपात घ्यायला पाहिजे होतं!

दुसऱ्या कलमाची गंमत वेगळीच. भारत आणि पाकिस्तान, म्हणजे मुनव्वर आणि हंबीरराव, आठ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. हंबीररावच्या पोराच्या लग्नातली शेरवानी मुनव्वरनं शिवलेली. वरातीत पोरगा नाचायला वाकला आणि शेरवानी पाठीवर टर्रकन फाटली. हंबीरराव म्हणाला, शिवण कच्ची. मुनव्वर म्हणाला, माप दिल्यावर पोरगा पंधरा दिवस केळवणं जेवत होता, त्याला शिंपी काय करणार? सगळ्या फाटाफुटीचं मूळ ती शेरवानी, आणि नेमका तोच विषय आमच्या सनदेनं बंद!

शेवटी मी सनद गुंडाळली आणि जाहीर केलं: रविवारी दहाला शाळेत. येईल तो येईल.

हंबीररावनं वेगळा फोन केला. आवाज एकदम खाली. "सया, येतो मी. बाईंसाठी येतो. पर ऐक, पुढच्या रविवारी दूध संस्थेची निवडणूक हाय. चेरमनपदाला उभा हाय मी. तवा त्यो देश बाहेर कुटं उच्चारायचा न्हाय. विरोधक टपूनच बसल्यात."

"लेका, तू काय काळजी करू नको," मी म्हणालो. "ह्या कानाचं त्या कानाला कळणार न्हाय!"

आणि त्याच संध्याकाळी मी फ्लेक्सची ऑर्डर दिली.

थांबा, शिव्या घालू नका. कोल्हापुरात फ्लेक्सशिवाय काही होतं का? पोरगं पहिल्यांदा चाललं तरी चौकात फ्लेक्स लागतो. बाईंच्या खुर्चीमागं, शाळेच्या वर्गात, आतल्या आत लावायचा असा माझा साधा विचार. मी हल्ली कोल्हापुरात राहतो, तिथं राजारामपुरीत तौसीफचं फ्लेक्सचं दुकान आहे. मी त्याला सातजणांची नावं दिली, देश दिले, ग्रुपवरचे फोटो दिले. हंबीररावचा फोटो त्याच्याकडं आधीच होता, कारण निवडणुकीचा फ्लेक्सही तोच करत होता.

"मुरगुडात लावायचा," मी म्हणालो.

"काळजी सोडा, काका. रविवारी सकाळी लागलेला असंल."

झालं! कोल्हापूर जिल्ह्यात फ्लेक्सवाल्याला जागा सांगावी लागत नाही, हे मी विसरलो. फ्लेक्स म्हटला की नाका. गावातला सगळ्यात मोठा नाका. दुसरीकडं फ्लेक्स लावणं हे तौसीफच्या घराण्यात कधी घडलेलंच नाही!

रविवारी साडेनऊला मी आणि निशिगंधा स्कूटरवरून नाक्यावर पोचलो, तर ही गर्दी! मला वाटलं अपघात झाला. वर बघितलं. अपघातच होता.

वीस फूट बाय दहा फूट! डावीकडं हंबीररावचा निवडणुकीचा फ्लेक्स: हात जोडलेला फोटो, खाली 'दूध उत्पादकांचा बुलंद आवाज'. त्याला खेटून आमचा. त्यात तोच फोटो, तेच जोडलेले हात, आणि खाली ठळक अक्षरांत:

'पाकिस्तान : मा. हंबीरराव. मुरगुडात हार्दिक स्वागत!'

सगळ्यात खाली: 'शुभेच्छुक : भूतान'.

"अगं बाई गं," निशिगंधा म्हणाली. एवढंच म्हणाली. तिचं एवढंच म्हणणं फार वाईट असतं.

एकजण मेहमुदाच्या फोटोकडं बोट करून विचारत होता, "ही मालदीवची टूर कितीला पडती ओ? जेवून-खाऊन की बिनजेवणाची?" दुसरा मोबाईलवर शूटिंग करत ओरडत होता, "मंडळी, बघा! चेरमनपदाचा उमेदवार खरा कुटला हाय ते आज उघडं पडलंय!" हवालदार वही घेऊन उभा.

"ह्यात भूतान कोण?" त्यानं दरडावून विचारलं.

मी हळूच हात वर केला. शाळेत वर करायचो तसा.

तेवढ्यात हंबीररावची जीप आली. तो उतरला, वर बघितलं, आणि त्याच्या कडक इस्त्रीतली हवाच निघून गेली. "सया," तो म्हणाला, "तीस वर्षं म्हशीच्या धारा काढल्या रं मी. पयल्यांदा उभा राहिलतो." शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाकीचे देश जमले. श्रीलंकेनं जाग्यावर ठराव मांडला, भूतानला ग्रुपातनं काढा! पाचजणांनी हात वर केले. पहिल्यांदाच एवढं एकमत! पण मी हात खाली ठेवला आणि सनद दाखवली. एकमत नाही, ठराव रद्द.

"तुज्या सनदेला काडी लाव!" मेहमुदा कडाडली. "आधी शिडी आण!"

शिडी आली तोवर मुनव्वर पुढं झाला होता. गळ्यात टेप, हातात कापड कापायची मोठी कात्री. दुकानातून तसाच धावत आलेला. हंबीररावकडं न बघताच तो चढला आणि वरून गर्दीला म्हणाला, "ओ पावणं, ऐका जरा! छापताना चूक झाल्या. पाकिस्तान मी होतो. हंबीरराव भारत होता. फोटो इकडचे तिकडं झाल्यात. ते कापून बदलतो, म्हंजे मिटलं!"

आणि खरंच त्यानं फ्लेक्सला कात्री लावली.

शूटिंगवाल्यानं मोबाईल मुनव्वरकडं वळवला. त्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते मला अजून आठवतं. चांगलं हसू नव्हतं ते.

हंबीररावनं ते बघितलं. तो बैलासारखा गर्दी फोडत गेला आणि शिडीला गच्च धरून ओरडला, "मुन्या, खाली उतर! उतर म्हणतो न्हवं!"

"दोन टाक्याचं काम हाय."

"तुज्या टाक्याचा भरवसा मला नगं सांगूस! उतर आधी." मग आवाज खाली आणून म्हणाला, "येडा हायस काय तू? त्यो देश माज्या नावाला चिकटला तर लोक मला हसतील. चार मतं जातील. तुज्या नावाला चिकटला, तर हसणार न्हाईत रं ते."

मुनव्वर शिडीवरच थांबला. खाली बघितलं. आठ वर्षांत पहिल्यांदा.

हंबीरराव गर्दीकडं वळला. छाती काढली. "व्हय! मीच होतो पाकिस्तान! आठवीत! चिठ्ठीत आलता! पोरपणीचा खेळ हाय ह्यो. कुणाला मत द्यायचं त्यानं द्या, न्हाय द्यायचं त्यानं खुशाल म्हस दुसरीकडं बांधा! आणि भारत ह्यो होता, मुनव्वर! फेटा बांधून! ज्याला पटत न्हाय त्यानं माज्या आजीला..." इथं त्याला आठवलं की आजी जाऊन वीस वर्षं झाली.

गर्दीतून एक म्हातारा म्हणाला, "खरं हाय की! मी बघिटलंय ते. विहिरीचं पाणी गोड हाय म्हणालता!" आणि मग जो हशा उठला, त्यात शूटिंगवाला कधी निसटला कळलंच नाही.

मुनव्वर उतरला. हंबीररावनं त्याचा दंड धरला. "पोरगं खात हुतं रं लई," तो म्हणाला. "शिवण तशी चांगली हुती."

"काखंत अर्धा इंच जादा सोडायला पायजे हुता मी," मुनव्वर म्हणाला.

झाला करार! खऱ्या सार्कला हे कोण शिकवणार?

शाळेकडं निघालेली रिक्षा नाक्यावर थांबली आणि तिच्यातून बाई उतरल्या. वर फाटका फ्लेक्स, खाली आम्ही पन्नाशीची पोरं. बाईंनी काठी आपटली. "हा काय बाजार मांडलाय? रांगेत उभे राहा! उंचीप्रमाणे!"

आणि काय सांगू, हवालदारसुद्धा रांगेत उभा राहिला! त्याला बाजूला काढावं लागलं.

शाळेत गेलो. आमचा तोच आठवीचा वर्ग उघडून घेतला. बाई खुर्चीत बसल्या, मागं सगळे देश एकमेकांचे हात धरून उभे. फेटा नाही, शेरवानी नाही, घमेलं नाही. तरी मला सगळे तसेच दिसायला लागले. चष्मा पुसावा लागला.

"द्या इकडं मोबाईल, मी काढते फोटो," निशिगंधा म्हणाली.

"तुला अँगल कळत न्हाय," मी म्हणालो. एवढ्या खटपटीचा फोटो मी दुसऱ्याच्या हातात देणार होय? मी वाकलो, गुडघ्यावर बसलो, बाकावर चढलो. "पाकिस्तान, जरा भारताकडं सरक! मालदीव, हस की!" वीस-पंचवीस फोटो काढले. एकापेक्षा एक! बाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि सोमवारी नागपूरला गेल्या.

हंबीरराव नऊ मतांनी पडला. त्याचं त्याला फार वाटलं नाही. हल्ली तो मुनव्वरच्या दुकानातच बसलेला असतो, नातवाच्या कपड्याचं माप द्यायला म्हणून.

परवा बाईंच्या मुलीनं नागपूरहून ग्रुपवर फोटो पाठवला. बाईंनी तो फ्रेम करून भिंतीला लावलाय. खाली त्यांच्या त्याच सुंदर अक्षरात डावीकडून सगळ्यांची नावं, देशासकट. सहा नावं. मी तीन वेळा मोजली. आणि अगदी शेवटी, कंसात, लाल शाईत:

(भूतान : गैरहजर.)