तात्यांचा लाल ठिपका

समोरचा डोंगर पेटलेला दिसत असला तरी आमचे शेजारी दगडूतात्या ते मान्य करत नाहीत. आधी मोबाईल काढतात, नकाशा उघडतात आणि म्हणतात, "ठिपका नाय आला अजून. थांबा."

आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला. घरे एकवीस, त्यांतली चौदा कुलूपबंद. तीन वर्षांपूर्वी वणव्यात तात्यांची काजूची चाळीस झाडे गेली, तेव्हा मुंबईच्या महेशने, म्हणजे त्यांच्या मुलाने, हा नकाशा तात्यांच्या आणि स्वतःच्याही मोबाईलवर बसवला. उपग्रहाला खाली आग दिसली की दोन-तीन तासांनी लाल ठिपका येतो. ढग असले तर येत नाही. एका ठिपक्यात पावणेचारशे मीटर मुलूख मावतो, त्यामुळे आग नक्की कोणाच्या बांधावर, हे ठिपका सांगत नाही. ते तात्या फोन करून विचारतात.

"काय गो सुमन, डोंगर पेटवलास काय?"

"वाफ्यात पालापाचोळा जाळून राब भाजतेय तात्या! भाताची रोपं काय तुमच्या मोबाईलवर टाकू?"

"भाज. पण सकाळच्याला. भर दुपारी वारा असतो."

महेशचा फोन मात्र महिनोन्महिने येत नाही. "कामात असतो तो," असे तात्या कोणी न विचारताच सांगतात.

यंदा मे महिन्यात भर दुपारी तात्यांच्याच शेतातून धूर निघाला. मी आग झोडपायला हिरव्या पानांचा टाहाळा घेऊन धावलो. तात्या पाण्याचे दोन हंडे भरून बांधावर उभे होते आणि घड्याळ बघत होते.

"तात्या, या उन्हात? सकाळी काय झालं होतं?"

"उपग्रह दीडला जातो. सकाळी भाजून कुणाला दिसनार?"

"पण राब कशाला? चार वर्षं तुम्ही भात लावलेला नाही."

तात्यांनी पुन्हा घड्याळ बघितले. राब पुरता विझेपर्यंत आम्ही दोघे तिथेच बसलो, आणि नंतरही तात्या उठेनात. चार वाजता ठिपका आला. चार वाजून सहा मिनिटांनी फोन वाजला. तात्यांनी तो थोडा वाजू दिला.

"बाबा, आपल्या शेतात फायर दाखवतंय! तुम्ही कुठे आहात?"

"हितंच हाय रे. विझली ती. तू जेवलास काय?"

बोलणे अकरा मिनिटे चालले. मोबाईल धोतराला पुसून खिशात ठेवताना तात्या म्हणाले, "गेल्या सालीबी भाजला होता, पण ढग आले."