आठच्या बातम्या आणि फोनवरचे आजोबा

मंडळी, खर्जराव अजिबात जळत नव्हते! हे त्यांनी बायकोला चारदा सांगितलं होतं, तेही तिने न विचारता.

आणि का जळतील हो? बावीस वर्षं रेडिओवर सकाळी आठच्या बातम्या वाचणारा माणूस! केंद्रात सगळे त्यांना खर्जराव म्हणत. आवाजच असा खोल, की 'हवामान कोरडं राहील' एवढं म्हणाले तरी कुणीतरी गेल्यासारखं वाटायचं.

पण नवी निवेदिका आली आणि गणित बिघडलं. साडेसात ते आठ ती श्रोत्यांचे फोन घ्यायची, गप्पा मारायची आणि चक्क हसायची. चालू माइकसमोर! त्यात केंद्राच्या साहेबांनी बैठकीत जाहीर केलं, "पुढच्या महिन्यापासून आठच्या बातम्या कोणी वाचायच्या, ते श्रोत्यांच्या प्रतिसादावर ठरवू." खर्जरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी यावं तर तिथेही तीच. बायको सकाळी तिचा कार्यक्रम ऐकून बसलेली असायची आणि म्हणायची, "किती गोड बोलते हो!"

"बातमी काय गोड असते?"

"तुमची तर कडूही नसते. नुसती असते."

झालं! त्याच रात्री बेत ठरला. शुक्रवारी खर्जरावांची साप्ताहिक सुट्टी; त्या दिवशी आठच्या बातम्याही तीच वाचायची. आवाज बदलून, एक म्हातारा श्रोता म्हणून तिच्याच कार्यक्रमात फोन करायचा आणि सगळ्यांसमोर तिची तक्रार करायची.

"अहो, आवाज ओळखतील!" बायको म्हणाली.

"बावीस वर्षं कमावलाय. वाकवीन तसा वाकेल!"

आता हातात लिहिलेला कागद नसला, तर खर्जरावांच्या तोंडून नमस्कारसुद्धा फुटत नसे. त्यामुळे सगळ्या तक्रारी त्यांनी मुद्देसूद लिहून काढल्या. शुक्रवारी सकाळी आठला सात मिनिटं कमी असताना फोन लागला.

"हॅलो, कोण बोलतंय?"

"मी एक म्हातारा बोलतोय, पोरी," खर्जराव थरथरत म्हणाले. आवाज खरंच छान वाकला होता!

"अय्या, आजोबा! किती थकलेला आवाज! तब्येत बरी आहे ना? चहा तरी झाला का?"

खर्जराव गडबडले. हे कागदावर नव्हतं! शिवाय बावीस वर्षांत त्यांच्या आवाजाची चौकशी पुष्कळांनी केली होती, तब्येतीची एकानेही नाही. माणूस विरघळला. गुडघे किती दुखतात ते सांगितलं. बायको आपलं ऐकत नाही, दुसऱ्यांचंच ऐकते, तेही सांगितलं. पोरगी "हो का?", "अरेरे!" करत राहिली आणि दोघांचंही घड्याळाकडे लक्ष राहिलं नाही.

आणि आठ वाजले!

वेळेची टूं-टूं फोनमधून थेट खर्जरावांच्या कानात शिरली. बावीस वर्षं ती टूं-टूं थांबली की खर्जराव बोलायला लागत. गाढ झोपेत वाजली असती, तरी बोलले असते. ते ताडकन उभे राहिले, चष्मा सारखा केला, समोरचा कागद उचलला आणि अस्सल, भारदस्त, ठेवणीतल्या आवाजात सुरू झाले.

"नमस्कार. सकाळचे आठ वाजले आहेत. ठळक बातम्या. नव्या निवेदिकेच्या हसण्यामुळे श्रोत्यांमध्ये तीव्र नाराजी. जुन्या, अनुभवी वृत्तनिवेदकालाच कायम ठेवण्याची सर्व थरांतून मागणी..."

"अहो!" स्वयंपाकघरातून बायको किंचाळली. "हे सगळं रेडिओवर ऐकू येतंय!"

खर्जरावांनी कागद पाठीमागे लपवला. गेली नोकरी! आणि फोनमधून एकदम निवेदिकेचं खळखळून हसणं ऐकू आलं.

"वा आजोबा! आमच्या आठच्या सरांची काय हुबेहूब नक्कल केलीत!"

खर्जरावांनी घाईघाईने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. टेबलावर श्रोत्यांच्या फोनची नोंदवही उघडी होती. निवेदिका खिडकीबाहेर बघत ओठ दाबून उभी होती. तिला सगळं ठाऊक आहे हे खर्जरावांना बघताक्षणी कळलं. तिने आपल्याला वाचवलं, याचाही त्यांना रागच आला.

"कालपासून नव्वद फोन आले!" साहेब म्हणाले.

"हिच्यासाठी?"

"नाही."

"मग माझ्यासाठी?" खर्जरावांची छाती फुगली.

"त्या आजोबांसाठी! लोक म्हणतात, आवाज अगदी तुमच्यासारखा, पण माणूस किती प्रेमळ! आठच्या बातम्या त्यांनाच द्या म्हणतात. मी तर ठरवलंय, त्यांना शोधून काढायचं आणि आवाजाची चाचणी घ्यायची."

आता आली का पंचाईत! 'तो मीच' म्हणावं तर नोकरी जाते, गप्प बसावं तर खुर्ची. खुर्ची या पोरीला गेली असती तर एक वेळ सोसलं असतं. पण त्या थेरड्याला? काल आलेल्या? फोनवरून? खर्जरावांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"साहेब, त्या म्हाताऱ्याला काय कळतं बातम्यांतलं? नुसती नक्कल! त्याच्यापेक्षा मी कितीतरी सरस वाचतो!"

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"खर्जराव, या पोरीवर जळत होतात, ते मी समजू शकतो. पण एका गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसावरसुद्धा?"